तारेपासून तीन मीटर

पावसाळ्याआधी तारांवर आलेल्या फांद्या छाटण्याचा ठेका घ्यायचा, तर मजुरांच्या वीज-सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून कर्जतच्या एका सभागृहात प्रशिक्षण झालं. बातमीसाठी मी गेलो होतो.

पडद्यावर एक परदेशी माणूस यंत्राच्या पाळण्यात उभा राहून करवत चालवत होता. समोरच्या मजुरांकडे कोयता, दोर आणि बांबूची शिडी असते. प्रशिक्षकांनी सांगितलं, चालू तारेपासून तीन मीटर लांब राहायचं. खालापूरकडच्या एका वाडीतला पन्नाशीचा मजूर उठून उभा राहिला.

"साहेब, फांदी तारंला टेकलेली असते म्हणून तर आमाला बोलावतात. तीन मीटरवरनं तिला हाक मारायची का?"

सभागृह हसलं. प्रशिक्षकही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.

मग त्यांनी विचारलं, तार बंद आहे हे तुम्ही ओळखता कसं? उत्तर एकमुखाने आलं. जवळच्या घरात डोकावायचं. पंखा थांबला असेल तर चढायचं. इकडे वर्षानुवर्षं असंच चालतं. प्रशिक्षक पहिल्यांदाच गंभीर झाले. पंख्यावरून त्या घराची तार कळते, तुमच्या डोक्यावरची नाही, असं ते म्हणाले. वायरमनने काठीला लावलेल्या टेस्टरने तार तपासून, ती साखळीने जमिनीला जोडून अर्थिंग केल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. हे सांगणं चालू असतानाच वडापाव आले आणि बहुतेक जण उठले. पन्नाशीचा मजूर बसून राहिला. चालू तारेजवळ टेस्टर कसा वाजतो, हे त्याने दोनदा विचारून घेतलं.

'प्रशिक्षण उत्साहात संपन्न' अशी बातमी मी दिली.

पुढच्या आठवड्यात हीच मंडळी दहिवलीत माझ्या घराच्या आंब्याची फांदी काढायला आली. आमच्या खांबावर दोन लाईन आहेत. खालची आमच्या गल्लीची. वरची, जास्त दाबाची, मागच्या फार्महाऊसच्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. वायरमन लाईन बंद करून पुढच्या गल्लीत गेला होता. ठेकेदाराच्या मुकादमाने माझ्या दारातून आत पाहिलं, पंखा थांबलेला दिसला, आणि त्याने शिडी लावायला सांगितली.

पन्नाशीचा मजूर शिडीशेजारी खाली बसला.

मुकादम वयाने लहान, त्यामुळे आधी अदबीने बोलला. मग म्हणाला, "मामा, ट्रेनिंग झालंय ना तुमचं? प्रमाणपत्र हाय. चढा आता."

"ट्रेनिंग झालं म्हणूनच बसलोय."

त्याने फार्महाऊसकडे बोट केलं. तिथल्या तलावातलं कारंजं उडत होतं. मुकादमाने सांगितलं, इन्व्हर्टर असेल. कारंजं, पंप आणि चार खोल्यांचे एसी इन्व्हर्टरवर चालतात का, असं मजुराने विचारलं. बाकीचे हसले. दुसऱ्या कोणाला तरी चढवू, असं मुकादम म्हणाला तेव्हा हसू थांबलं आणि कोणीच पुढे झालं नाही.

शेवटी मुकादमाने वायरमनला फोन केला. तो वैतागतच आला. आपण सगळं बंद केलं आहे, असं सांगत त्याने काठी वर नेली. खालच्या तारेजवळ टेस्टर गप्प राहिला. वरच्या तारेजवळ वाजू लागला.

वायरमनने काठी उतरवली आणि फोन लावून वरची लाईन बंद करवली. पुन्हा तपासलं, अर्थिंगची साखळी अडकवली. कारंजं बसलं. फार्महाऊसमधून एक पाहुणा बाहेर आला आणि एसी किती वेळ बंद राहणार, याची चौकशी करून गेला. मजूर वर चढला, फांदी दोराने बांधून उतरवली आणि खाली आला. काम अर्ध्या तासाचं होतं.

मुकादमाने काम झाल्याचा कागद सहीसाठी माझ्यापुढे केला. त्यात विलंबाचं कारण लिहिलं होतं: 'मजुराने काम करण्यास नकार दिला.' मी ते बदलायला सांगितलं. थोडा विचार करून त्याने 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं. कोणाची, ते लिहिलं नाही. मी सही केली.

मजूर तोवर पुढच्या झाडाखाली जाऊन बसला होता. वायरमन अजून यायचा होता.