करीच्या दिवशीची सुकट

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, यंत्रांच्या गडगडाटात काम करून माझा मित्र बळीराम मोठ्यानं बोलायला शिकला होता. घरी मीठ मागितलं तरी अख्ख्या चाळीला कळायचं. १९७४च्या उन्हाळ्यात तो आवाज बंद पडला. तो कामावर जाईना, जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राही.

श्रावण लागला तेव्हा त्याच्या बायकोनं, सुभद्रावहिनींनी, त्याला नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. दारू बंद, म्हणाले.

"मासळी खाता का घरी?"

"नाही जी," वहिनी म्हणाल्या. खोटं नव्हतं. श्रावणात त्या घरात अंडंही येत नसे.

तीन आठवड्यांनी तो उठून बसला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी गेलो तर त्याची हाक रस्त्यावरच ऐकू आली.

"ये गा, एम. ए.! कवितेनं पोट भरलं का जेवतं?"

"तू जेवशील?"

"मले भूक लागून राहिली. सुभद्रे, श्रावण सरला न वं? सुकट कर."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. किती दिवसांनी त्यानं काही मागितलं होतं. त्यांनी उन्हाळ्यात भरून ठेवलेला वाळक्या झिंग्यांचा डबा उघडला. पावसाळी हवेनं सुकट ओलसर, उग्र झाली होती.

"वास मारते," मी म्हणालो.

"तवाच तं चव येते!"

तिघं एकाच भांड्यातलं जेवलो. त्यानं दोनदा वाढून घेतलं.

थोड्या वेळानं त्यानं मान धरली. "डोकं फुटून राहिलं गा." मग उलटी झाली. नागपूरला पोचेपर्यंत शुद्ध नव्हती. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुसऱ्या सकाळी तो गेला.

गोळ्या देणाऱ्या त्याच डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. मासळी मुरत जाते तसं तिच्यात टायरामीन नावाचं अमाइन, एक प्रकारचं रसायन, तयार होतं. ते रक्तदाब चढवतं. आपलं शरीर ते एरवी मोडून टाकतं. मनाला उभारी देणारी अमाइनंही शरीर तसंच मोडतं. ती टिकावीत म्हणून गोळी होती. गोळीनं दोन्हींचं मोडणं थांबवलं.

"मी विचारलं होतं, बाई."

"तवा श्रावण होता जी."

डॉक्टरांनी केसपेपर मिटून ठेवला.

"इतके दिवस काईच नाही मागितलं त्यायनं," वहिनी म्हणाल्या. "मंग कालच काहून मागितलं?"

"बरे होत होते," डॉक्टर म्हणाले. "म्हणून."