दर महिन्याला तीन प्लग

म्हाळूतात्या रोज सकाळी चहाआधी व्हॅनची पुढची सीट उचलायचे. मारुती व्हॅनचं इंजिन त्या सीटखालीच असतं. पान्याने त्याच्या तीन स्पार्क प्लगांपैकी एक खोलायचा, त्याचं टोक उजेडाकडे धरून बघायचं, फुंकर मारून परत बसवायचा. आज पहिला, उद्या दुसरा, परवा तिसरा.

ते माझे थोरले चुलते. आमचं घर मेंढरांचं. तात्यांचं तारुण्य शिरूर कासारच्या माळावर कळपामागे गेलं. मग कळप विकून त्यांनी जुनी व्हॅन घेतली, तिला गॅसची टाकी बसवली. मेंढराची खालची पापणी बोटाने ओढून आतला रंग बघतात. तांबूस असेल तर जनावर निरोगी, पांढरट असेल तर रक्त कमी. तात्या प्लगही तसाच बघत. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा रंग दिसला की दिवसभर खूश. छबुकाकू चुलीपासून म्हणायच्या, माझ्याकडं कदी इतकं निरखून बघितलं न्हाई.

शिरूरचा मेकॅनिक युवराज त्यांना सांगून थकला होता. साधे प्लग दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलायचे, गाडी गॅसवर असेल तर त्याच्याही आधी. रंग चांगला दिसला तरी टोक झिजतं, फट वाढते. तात्या हसून म्हणत, डोळा तांबडा हाय तवर मेंढरू कशापायी विकू रं? पॉलिश पेपरने घासून घासून त्यांनी तेच तीन प्लग पंचवीस हजारांच्या पुढे नेले होते. त्याचं त्यांना कौतुक होतं, गावालाही होतं.

तीन वर्षांपूर्वी पौषात एका दुपारी काकूंच्या छातीत दुखायला लागलं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, दुसरी गाडी नव्हती. तात्यांनी त्यांना शेजारी पुढच्या सीटवर बसवलं आणि बीडचा रस्ता धरला. दहा-बारा किलोमीटर उरले असताना गाडी धक्के द्यायला लागली आणि बंद पडली.

प्लग बघायचे तर सीट उचलायला हवी, आणि सीटवर काकू. त्यांनी काकूंना उतरवलं, रस्त्याकडेला बाभळीखाली बसवलं. तिन्ही प्लग खोलले, घासले, बसवले. गाडी चालू झाली. बीडला पोचेपर्यंत काकू गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, पंधरा मिनिटं आधी आला असतात तरी आमच्या हातात काही नव्हतं.

तेरावा झाल्यावर ते शिरूरला गेले आणि नवे तीन प्लग घालून आले. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग दर महिन्याला. निघालेले प्लग जेमतेम हजार किलोमीटर चाललेले असायचे. युवराजने समजावलं, भांडून बघितलं, एकदा तर द्यायलाच नकार दिला. तात्या आष्टीहून घेऊन आले. रोज सकाळचं बघणं मात्र सुटलं. रंगावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

व्हॅन चालतच होती. बाळंतिणी, साप चावलेली माणसं, झाडावरून पडलेली पोरं. कुणालाच त्यांनी नाही म्हटलं नाही. जेवणाचं ताट शेजारच्या आमच्या घरून जायचं. पुढे येईल ते खायचे. मीठ कमी झालंय, एवढंसुद्धा कधी म्हटलं नाही.

यंदा शिमग्याच्या सुमारास मी युवराजकडे माझी स्कूटी घेऊन गेले होते. हात पुसता पुसता तो एकदम म्हणाला की तात्यांचे ते जुने प्लग त्याने तेव्हाच मशीनवर लावून बघितले होते. ठिणगी चांगली पडत होती. प्लगांना वीज पुरवणाऱ्या कॉइलची वायर ढिली होती, प्लग बदलताना त्याच्या हातातच आली. तात्यांनी रस्त्यात प्लग काढले-घातले तेव्हा ती हलून जागेवर बसली असणार, म्हणून गाडी चालू झाली. त्याआधी ती वायर त्यानेच बसवली होती. म्हणून तीन वर्षं त्याने तोंड उघडलं नव्हतं.

मी घरी येऊन तात्यांना सांगितलं. प्लग चांगले होते, वायर ढिली होती, तुमची चूक नव्हती. वायर कुणी बसवलेली ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते ओट्यावर बसून होते.

"दोन जीपा गेल्या गं त्या रस्त्यानं," ते म्हणाले. "मी हात केला न्हाई. म्हणलं, आत्ता चालू व्हईल. माझी गाडी मला ठावं हाय, दुसऱ्याची कशाला."

काकू काही म्हणाल्या होत्या का, एवढंच मी विचारलं. तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी उजवा तळहात उघडला. बोटांच्या पेरांवर जुने डाग होते, तापल्या इंजिनातून प्लग काढल्याचे.

"म्हणली, आवं, सावकाश करा. हात भाजंल."

ते उठून गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

पुढच्या महिन्यात ते शिरूरला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही महिन्यात नाही. घरात आम्ही कुणीच हा विषय काढला नाही. बोललो तर पुन्हा जातील अशी भीती होती.

वैशाखातल्या एका दुपारी तात्या बाजेवर झोपले, ते उठलेच नाहीत. आई चहाला हाक मारायला गेली तेव्हा अंग गार पडलं होतं. दवाखान्यात न्यायचं असं काही उरलंच नव्हतं.

त्या सकाळी न्याहारीचं ताट मीच घेऊन गेले होते. त्यांनी वर झाकलेली ताटली बाजूला करून आत बघितलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि मी वळले तेव्हा मागून म्हणाले, "पोरी, सांच्याला शेवग्याची आमटी कर. लसूण जरा जास्त घाल."