आप्पांचा तळहात

सुकलालआप्पांना मी पहिल्यांदा पाहिले ते सुरतेत, आमच्या बँकेच्या लिंबायत शाखेत. पासबुक छापून घ्यायला आलेला एक साठीचा माणूस माझ्या काउंटरवर वाकला, पासबुक हातातच ठेवून त्याने छपाईच्या मशीनवर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. मग अख्ख्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, यानं बेअरिंग जाई ऱ्हायनं."

"आप्पा, मागे रांग आहे," मी फणकाऱ्याने म्हटले. दोन दिवसांनी मशीन बंद पडले. शाखेत माझी थट्टा सुरू झाली ती बदली होईपर्यंत थांबली नाही.

आप्पा मूळचे नवापूरकडचे. आयुष्य माग दुरुस्त करण्यात गेले. मागांच्या शेडला सुरतेत 'खाते' म्हणतात. खात्यात इतके माग एकदम धडधडतात की कानाचा उपयोग शून्य, म्हणून फिटर लोखंडावर हात ठेवून बिघाड ओळखतो. ही खोड आप्पांच्या अंगात मुरली होती. पुढे ओळख वाढली. घरी आले की ते आधी आमच्या फ्रिजची विचारपूस करीत आणि मग माझी.

त्याच फ्रिजवर एकदा त्यांना माझी व्हायोलिनची पेटी दिसली आणि ते बसायचेच विसरले. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य पद्धतीने स्वर लिहिणे शिकवले होते. व्हायोलिन वसतिगृहाचे होते, ते तिथेच राहिले. लिहिणे तेवढे आप्पांबरोबर सुरतेला आले. पुढे सुरतेजवळ पलसाण्याला, आप्पांच्या खात्यात, नवे माग बसवायला लिऊ नावाचा चिनी तंत्रज्ञ आला आणि त्याच्या सामानातून अर्हू निघाले. हे दोन तारांचे चिनी वाद्य, तुणतुण्याला कोणी गज जोडावा तसे दिसणारे. त्याचा गज दोन तारांच्या मधूनच फिरतो, बाहेर काढता येत नाही. "मन्हासारखाच शे तो," आप्पा म्हणत. "मधमा अडकेल. नवापूरबी सुटत नही, सुरतबी सुटत नही."

या दोघांत समाईक असे फार तर चाळीस हिंदी शब्द. तरी जेवणाच्या सुट्टीत लिऊ वाजवी आणि आप्पा पाठकोऱ्या कागदांवर पाच-पाच रेघा ओढून लिहीत. त्यातून त्यांची एक रचना उभी राहत होती. चिनी चालीची सुरावट अर्हूने धरायची आणि व्हायोलिनने तिच्याभोवती पाश्चात्त्य पद्धतीने दुसरे सूर गुंफायचे. व्हायोलिन माझ्या गळ्यात पडले.

पण आप्पांचे कान चालले होते. "डॉक्टर सांगस, आते जास्ती दिन नही," ते एकदा म्हणाले. "ताई, एकदाव पुरं ऐकी लेऊ दे. मंग कान गयात तरी चाली." लिऊही होळीनंतर परतणार होता.

सरावात माझे आणि आप्पांचे एकाच गोष्टीवरून वाजे. साऱ्या रचनेत विसावा म्हणून नव्हता. "आप्पा, कुठेतरी थांबा. ऐकणाऱ्याला श्वास घेऊ द्या."

"थांबानं नही," ते ठामपणे म्हणत. "माग थांबना म्हंजे कायतरी तुटनं." माग बंद पडला की आप्पा धावत. उभ्या जन्मात त्यांना शांतता भेटली ती बिघाडाची वर्दी घेऊनच. तेव्हा मला ते कळले नाही. हेकट म्हातारा म्हणून मी मनातून चिडत असे.

लिऊ निघायच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही आप्पांच्या खोलीत बसलो. त्यांच्या पत्नी, माई, दाराशी बसल्या. पहिल्या ओळी झाल्या आणि आप्पांनी मान हलवली. ऐकू येत नव्हते. उशीर झाला होता. माझे बोट सुरावरून घसरले. लिऊ मात्र थांबला नाही. वाजवता वाजवताच त्याने मानेने आप्पांना जवळ बोलावले. आप्पा आमच्या मधे येऊन बसले, एक तळहात अर्हूच्या पोटाला लावला आणि दुसऱ्या हाताची बोटे माझ्या व्हायोलिनच्या टोकाला. तशीच आम्ही ती रचना शेवटपर्यंत वाजवली. त्यांचे ओठ हलत होते.

गज थांबले. आप्पा दचकून अर्धे उठले. "काय तुटनं?"

मी नाही म्हणून मान हलवली. माईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवले. मग मात्र त्यांनी दोन्ही हात पुन्हा त्या मुक्या वाद्यांवर ठेवले आणि बराच वेळ काढले नाहीत. मला रडू आवरेना.

पावसाळा संपता संपता आप्पा गेले. दिवस झाल्यावर माईंनी मला त्यांची वही दिली. "तुन्हासाठे ठी गयात," एवढेच म्हणाल्या. रचना त्यांनी पहिल्यापासून स्वच्छ अक्षरात उतरवून काढली होती. एक स्वरही बदललेला नव्हता. फक्त शेवटच्या भागाआधी एक लांब, कोरी जागा सोडली होती आणि तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले होते: "ताई, आठे थांबानं. घाबरानं नही. काहीच तुटेल नही."