खालच्या ओळीतला झेंडू

"भाऊ, ही बाग तुमी कोनासाठी केली?" शेवंताबाईंनी चहाची रिकामी कपबशी पायरीवर ठेवत मला विचारलं.

मी मोबाईलवर बागेचे फोटो काढत होतो. काम संपत आलं की आम्ही फाटकापाशी उभं राहून फोटो काढतो, पुढच्या ग्राहकाला दाखवायला. फोटो झकास येत होते. काळे दगड, त्यांच्या खाचांतून हिरवी रोपं, कुठे कुठे पहिली कळी.

"पडघान सरांसाठी. आणि ताईंसाठी," मी म्हणालो.

"मंग ताईले काहून दिसत नाही? मी आता आत जाऊन आली. पलंगावरून निस्ती दगडाची पाठ दिसते."

मी मोबाईल खिशात घातला.

वाशीमला माझी छोटी नर्सरी आहे. रोपं विकतो आणि बागा करून देतो. पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, शाळा, असली कामं. शेवंताबाई अनसिंगच्या. नर्सरीत माझ्याकडे बरीच वर्षं आहेत. मालक मी असलो तरी चुका काढायचं खातं त्यांच्याकडे आहे.

हे काम रिठदचं. पडघान सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची बायको विमलताई, तीस वर्षं अंगणवाडी सेविका. त्यांचा आवाज म्हणे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पोलिओचा डोस चुकवणाऱ्या आया त्यांना पाहून घरात लपायच्या. पावसाळ्याच्या शेवटी ताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. डॉक्टर म्हणाले, बसवत जा, बोलायला लावा, सुधारणा होईल. पण ताईंनी मनच काढून घेतलं होतं. बसवायला गेलं की "नोको". खायला दिलं की "नोको". दिवसभर तोंड भिंतीकडे. दुसरा शब्द चार महिन्यांत घरात कोणी ऐकला नव्हता.

सर नर्सरीत आले तेव्हा मला म्हणाले होते, "घर बांधलं तवा पायातून दगड निघाले, ते तसेच पडून हायेत. वीस वर्षं ती म्हनून राह्यली होती, याचं काहीतरी करा. मी म्हनो, रिटायर झाल्यावर पाहू." मी पाणी दिलं.

म्हणून रॉक गार्डन. म्हणजे दगडांची बाग. दगड नुसते मांडायचे नसतात, तिसरा हिस्सा जमिनीत गाडायचा, म्हणजे तो तिथलाच वाटतो. थोडा मागे कलता ठेवायचा, म्हणजे पाणी मुळांकडे जातं. दोन दगडांच्या मधल्या खाचेला आम्ही पॉकेट म्हणतो. त्यात माती आणि शेणखत भरून बुटकी रोपं लावायची. फ्लॉक्स, पिटुनिया, डायांथस. दिवाळीनंतर लावली की माघात बहरतात. आपल्याकडे वसंत ऋतू फार थांबत नाही. होळी झाली की काळा दगड तव्यासारखा तापतो आणि ही नाजूक फुलं करपतात. मधले चारेक आठवडे काय ते आपले.

हे सगळं मला येत होतं. फक्त बाग बघणारं माणूस झोपलेलं आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सवयीने मी रस्त्याकडे तोंड करून बाग केली. आजारी बाईच्या खोलीत कशाला जायचं, म्हणून मी आणि माझे दोन मजूर ओसरीवरूनच चहा पिऊन परतायचो. शेवंताबाई आत गेल्या नसत्या, तर मी फोटो घेऊन खुशाल घरी गेलो असतो. माझी मलाच लाज वाटली.

मी सरांना सांगितलं, "सर, माझं चुकलं. सगळं काढून खिडकीजवळ घ्यावं लागेल."

"आता? कळ्या धरून राह्यल्या ना!"

"कळ्या खुडाव्या लागतील."

"अवो, फुलासाठीच तर बाग केली, अन् तुमी कळ्याच तोडता?"

त्यांना समजावलं. रोप हलवताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा तसाच उचलायचा, त्याला हुंडी म्हणतात. तरी रोपाला धक्का बसतोच. अशा वेळी त्याला फुलंही पोसायला लावली तर ते मान टाकतं. शेंडे खुडले की आधी मूळ धरतं, मग खालून चार फांद्या फुटतात. तीन-चार आठवडे जातात. जानेवारी लागला होता. हिशेब जेमतेम जमत होता.

आता नजरेची रेषा घ्यायची होती. ताईंच्या पलंगाशेजारी दुसरी खाट होती. सर तिच्यावर आडवे झाले. मी बाहेर काठीला लाल फडकं बांधून उभा.

"दिसतं का सर?"

"नाही. वर घ्या."

"आता?"

"फडकं दिसते, काठी नाही दिसत. जरासं मांगं व्हा. हां, तिथंच!"

शेवंताबाई खिडकीशी उभ्या होत्या. नंतर त्या म्हणाल्या, सर असे आरडाओरडा करत खाटेवर पडलेले बघून ताईंनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. मला दगडांची घाई होती.

दोन दिवस पहारी चालल्या. बाग खिडकीजवळ आली. मागे उंच, पुढे बुटकी, घाटाच्या पायऱ्यांसारखी. खिडकीलगतची सगळ्यात खालची ओळ लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं, डायांथसची बरीचशी रोपं हलवण्यात मेली होती. शेवंताबाईंनी नर्सरीतून उरलेली झेंडूची सात बुटकी रोपं आणून त्या खाचांत बसवली. पिवळाधमक झेंडू. वरच्या गुलाबी-जांभळ्या फुलांच्या पायाशी तो काही शोभणार नव्हता, पण मोकळ्या खाचेपेक्षा बरा.

फेब्रुवारीत सरांचा फोन आला. फुलं आली होती. मी जाऊन पाहिलं. वाटेत बांधावरचे पळस लाल झाले होते, आणि इथे फ्लॉक्सने दगड झाकून टाकले होते. मी खुशीत खोलीत गेलो. यावेळी मुद्दाम गेलो. "जय भीम, ताई," म्हणालो. ताईंनी मान हलवली. तोंड खिडकीकडे होतं. एवढं तरी झालं होतं.

मग सहज मी त्यांच्या उशीजवळ वाकलो, त्यांना काय दिसतं ते पाहायला. वरच्या दोन ओळी छान दिसत होत्या. खालची ओळ गायब. खिडकीच्या कठड्याखाली गेलेली.

मी सरांकडे पाहिलं. "तुम्ही खाटेवर झोपलात तेव्हा उशा किती होत्या?"

"दोन. मले सवयच हाये दोन उशांची."

ताईंच्या डोक्याखाली एक होती, तीही चपटी. मी कपाळावर हात मारला. आता बहरातली बाग परत हलवणं शक्य नव्हतं. खालची ओळ यंदा गेली असं मी बोलून टाकलं. सर म्हणाले, "राहू द्या भाऊ. जे दिसत नाही ते मी तिले सांगत जाईन."

ते खरंच सांगत राहिले. रोज सकाळी खुर्ची घेऊन बसायचे आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी फुलांची नावं घ्यायचे.

आठवड्याने पुन्हा फोन. सरांचा आवाज कापत होता. मला वाटलं, ताईंचं काही बरंवाईट झालं.

"भाऊ, झेंडू काहाडा लागते."

"काय झालं सर?"

"ती मले बोलून राह्यली!"

झालं असं होतं. सर सकाळी सांगत होते, खाली आज पिवळा झेंडू फुलला. ताईंनी डोळे बारीक केले. "झेंडू?" म्हणाल्या. सर म्हणाले, हो, सात रोपं आहेत. मग ताई डाव्या हाताने पलंगाचा कडेचा दांडा पकडून म्हणाल्या, "अवो... बसवा मले. पाहू द्या." सरांनी पाठीला उशा लावून त्यांना बसवलं. ताईंनी वाकून खालची ओळ पाहिली आणि एकेक शब्द शोधत, पण शेवटपर्यंत म्हणाल्या, "झेंडू कायले लावला तिथं? दसरा... हाये का घरी?"

फोनवर सर हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. माझंही तेच झालं.

दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन गेलो. ताई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा थकलेला, पण नजर थेट माझ्यावर, डोस चुकवणारी आई सापडल्यासारखी. डाव्या हाताने खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, "तो. काहाडा."

मी बाहेर येऊन वाकलो. पहिलं रोप उपटलं, दुसऱ्याला हात घातला, तोच सरांनी मागून येऊन माझं मनगट धरलं.

"एकच," ते हळूच म्हणाले.

"पण ताई सगळे काढा म्हणतात."

"सगळे काहाडले तर उद्या ती कायले उठून बसन? एक आज काहाडा. बाकीचे राहू द्या भांडाले."

आतून ताईंचा आवाज आला. "अवो, काय... गुपचूप बोलून राह्यले तुमी?"

सर आत पळाले.

धंद्यात मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, ग्राहकाची तक्रार एका फेरीत मिटवावी. रिठदला मी सहा रोपांसाठी आणखी सहा फेऱ्या मारल्या. दर वेळी बोलणी खाल्ली, आणि दर वेळी वाक्य आधीपेक्षा लांब होतं.