उत्तर राहिलेलं गाणं

दुपारचे जेवण आटोपून रिबकाबाई आवासकर आरामखुर्चीत डोळे मिटतात. इस्रायलमधल्या दिमोनाचे वाळवंटी ऊन पडद्याआड अडून राहते, स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज दूर दूर जातो, आणि पायांना ओली वाळू लागते.

समोर सिगुल्ला बसली आहे. त्यांची धाकटी जाऊ, नातीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत वारलेली. मांडीवर ढोलकी, हात हवेतच थबकलेला.

"अजून इथंच? ऊठ, पाय आखडतील," रिबकाबाई दरडावतात.

"कशी उठू, जाऊबाई? विचारलंय ना मी."

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरांतल्या मेंदीच्या गाण्यात गाणारी विचारते, 'आवासच्या दारात उभी कुणाची गं लेक?' आणि घरातल्या थोरल्या बाईने नवरीचे नाव घेऊन उत्तर द्यायचे. तोवर गाणारीने उठायचे नाही. कोकणातले आवास गाव सुटले तरी हा रिवाज सुटला नव्हता. नातीच्या, यारदेनाच्या मेंदीला मात्र सिगुल्लाने विचारले, आणि मोरोक्कोकडच्या सोयऱ्यांदेखत रिबकाबाई म्हणाल्या, "पुरे! लोक हसतील." मग स्पीकर लागला.

आता मेंदीचा तोच हॉल आहे. खुर्च्यांवर सोयरे, खुर्च्यांखालून भरतीचे पाणी. कुणाचेच पाय भिजत नाहीत.

"हसलं कुणी?" सिगुल्ला विचारते.

"हसले असते."

"नवऱ्या मुलाची आजी टाळी धरायला हात उचलून बसली होती. तुम्ही बघितलंच नाहीत. माझ्यावर डोळे वटारत होतात ना!"

"तुझा आवाज चिरका..."

"घरच्या सगळ्या लेकींना तोच चालला की! खरं सांगा, लाज माझ्या आवाजाची होती?"

मान खाली घालणे रिबकाबाईंना ठाऊक नाही. पण लाज आवासची होती, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

"पोरीला मराठी येत नाही, जाऊबाई. तेवढ्या एका गाण्यात ती आपल्या गावची व्हायची होती. तशीच धाडलीत."

पाणी सिगुल्लाच्या छातीशी येते. ती उठत नाही.

रिबकाबाई उभ्या राहतात. भर हॉलात, पदर सावरून, सगळा जीव एकवटून गातात, "यारदेना! आवासकरांची लेक, आवासच्या दारची!"

सिगुल्लाचा हात ढोलकीवर पडतो.

पडदा. खुर्ची. कोरडी फरशी. सून धावत आली आहे. "आई, काय झालं? जिन्यापर्यंत ऐकू आलं!"

यारदेनाला फोन लाव, असे सांगायला रिबकाबाई तोंड उघडतात. घशातून नुसती हवा येते. आवाज पार बसला आहे.