बाथरूममधल्या कोंबड्या

कोंबडी मला ताटात आवडते, अंगणात नाही. हे लग्नाआधीच सांगायला हवं होतं, पण मुलगी बघायला आलेल्या माणसांना असलं काही कोण सांगतं? मी पनवेल शहरात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. आमच्याकडे कोंबडी यायची ती काळ्या पिशवीतून, सोललेली. सासर मिळालं कामोठ्याच्या जुन्या गावात. समोर रस्त्यापलीकडे सेक्टरच्या बिल्डिंगा, आणि मागच्या दारी सासूबाईंचं पत्र्याचं खुराडं. त्यात नऊ कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. ओट्यावर शिटायच्या, तुळशीत शिटायच्या, मी वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा शिटायच्या. शी! वर त्यांच्या पिसवा. पण शेतं त्या बिल्डिंगांखाली कधीच गेली होती आणि सासूबाईंचं स्वतःचं म्हणावं असं त्या कोंबड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. म्हणून मी नाक दाबून गप्प बसायचे.

वादळ येणार म्हणून मोबाईल ओरडायला लागले तेव्हा सासूबाई घरात नव्हत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नवीन पनवेलला नणंदेकडे राहिल्या होत्या. वारा लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, अशी डॉक्टरची ताकीद. त्यांचा फोन आला.

"खुराड्याचं पत्रं काय टिकनार नाय गो. माज्या कोंबड्या तेवड्या घरात घे. पोरांवर सोडू नको."

पोरं म्हणजे माझा नवरा आणि दीर. दोघेही चांगले घोडे झालेले. दुपारी मेणबत्त्या, पाव आणि दूध आणायला म्हणून गेले ते संध्याकाळी उगवले. मेणबत्त्या विसरले होते, बाटल्या बरोब्बर आणल्या होत्या. तोवर टाकीचं झाकण दोरीने मी बांधलं, खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या मी लावल्या, गच्चीवरच्या कुंड्याही मीच खाली उतरवल्या. आणि हे दोघं चुलत सासऱ्यांना घेऊन ओट्यावर बसले, लग्नाचं बोलावणं आल्यासारखे.

"वादळात त्या मरतीलच," चुलत सासरे खुराड्याकडे बघत म्हणाले. "त्यापेक्षा आजच कापू. वातावरण पण मस्त झालंय."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! कोंबड्या कोणाच्या, आणि वाटतंय कोण! शेजारची बाई तर रस्सा न्यायला रिकामा डबा घेऊनच आली. मी दिराकडे बघितलं. म्हटलं, हा तरी नाही म्हणेल, शेंडेफळ आहे, आईने याला तळहातावर वाढवलंय.

तो म्हणाला, "आईला सांगू वाऱ्यात गेल्या. तसंही तिला आता दिसतंय कुठं?"

आणि सगळे हसले. माझा नवराही हसला. त्या हसण्याने मला जी किळस आली ती आजवर कुठल्या कोंबडीने आणली नव्हती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं होतं. इथे तर बाई धडधडीत जिवंत होती, फक्त डोळ्याला पट्टी होती, आणि ही तिचीच पोरं होती.

मी गाऊनवर ओढणी खोचली आणि खुराड्यात शिरले. अंधारून आलं की कोंबड्या जागच्या हलत नाहीत, हे सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. पायांना धरून, उलट्या लटकावून, दोन-दोन करत मी त्या घरात नेल्या. ओल्या पिसांचा तो वास! गरम, आंबूस, पार घशात जाऊन बसणारा. तांबडा शेवटी राहिला. त्याने माझ्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. "मर मेल्या," म्हणत मी त्याला काखेत दाबला, सगळ्यांना बाथरूममध्ये कोंडलं आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली गाऊनच्या खिशात.

"बाथरूमला कुलूप?" नवरा ओरडला. "लोकं हसतील!"

"तुम्ही मघाशी हसलात ना, तेवढं पुरे झालं."

पहाटे तांबडा आरवायला लागला. आत जाऊन मी त्याच्यावर टोपली घातली, तर टोपलीतून आरवला. कोंबडं झाकायची म्हण ज्याने काढली त्याच्याही घरी नक्की बाथरूममध्ये कोंबडा असणार. माझ्या बादलीत, मगात, साबणाच्या डबीत, सगळीकडे घाण. दिराने दार ठोठावून आंघोळीचं विचारलं तेव्हा म्हटलं, अंगणात उभे राहा, पाऊस फुकट आहे.

दुपारी वारा आला. नुसत्या आवाजानेच जीव अर्धा झाला. मागचा शेवगा कडाडला आणि खुराड्याचे पत्रे कागदासारखे उडून शेजारच्या भिंतीवर आपटले. खुराड्याच्या जागी नुसते चार खांब राहिले. त्यात कोंबड्या असत्या तर एक वाचली नसती. मी बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसले होते. आत सगळ्या चिडीचूप होत्या.

सासूबाई काळा चष्मा लावून परत आल्या तोवर दिराने खांबांवर नवे पत्रे ठोकले होते, तेवढं काम मात्र केलं. "आई, आम्ही वाचवल्या बघ तुझ्या कोंबड्या," तो म्हणाला. सासूबाईंनी एकेका कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवला, मग माझं मनगट हातात घेऊन खपली चाचपली. पोरांना त्या चांगल्या ओळखून होत्या.

रविवारी त्यांनी तांबडा कापायला लावला. दिराकडूनच. मला वाटलं जावई येणार असतील, कारण आमच्याकडे घरचा कोंबडा जावयासाठीच कापतात. तंगड्या त्याला, उरलेलं पुरुषांना, आणि बायकांना मान, पाठ, रस्सा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात तंगडी माझ्या वाट्याला कधी आली नव्हती.

जावई आलेच नाहीत. सासूबाईंनी टोपात पळी फिरवून दोन्ही तंगड्या शोधल्या. दिराने ताट पुढे केलं होतं, त्याच्यावरून हात नेऊन त्यांनी त्या माझ्या ताटात घातल्या.

"आज सुनेसाठी कापलाय," त्या म्हणाल्या. "खा गो."

ज्याची घाण मी हाताने काढली, ज्याची खपली अजून माझ्या मनगटावर होती, तोच ताटात. पण सासूबाई काळा चष्मा माझ्याकडे करून थांबल्या होत्या, मी खातेय का ते ऐकत. मी खाल्ल्या. दोन्ही. हाडं फोडून, आवाज करत.

समोर दीर मानेचा तुकडा चोखत होता. त्याची किळस मला अजून येते.