फौजेची वडी

अख्ख्या फौजेला कढईत घोटून, तूप लावलेल्या थाळीत थापून तिचे फूटपट्टीने चौकोनी तुकडे पाडणारा माणूस नगर जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. बंदूक त्यांनी जन्मात हाती धरली नव्हती. तरुणपणी पारनेरहून भरतीसाठी नगरला आले, तेव्हा छाती जराशी कमी भरली आणि मोजणाऱ्या हवालदाराने "घरी जा, दूध पी, मग ये" म्हणून वाटेला लावलं. काका दूध प्यायले की नाही ठाऊक नाही, पण घरी मात्र गेले नाहीत. भिंगारच्या कॅम्पात एका कचेरीत त्यांनी कारकुनी धरली. फौजेत नाही तर नाही, निदान फौजेच्या मांडीला मांडी लावून बसता आलं, यात त्यांनी समाधान मानलं.

त्या कचेरीत एका नाताळात कुणा मोठ्या साहेबाच्या बायकोने सगळ्या कारकुनांना बशीतून मिठाई वाटली. तांबडे, हिरवे, चॉकलेटी असे चौकोनी तुकडे. काकांनी विचारलं, "मेमसाब, ये क्या हय?" बाई म्हणाल्या, "फज." काकांनी ऐकलं, "फौज." आणि त्यांना ते लगेच पटलं. कॅम्पात बूट फौजेचे, घोंगड्या फौजेच्या, खेचरं फौजेची, मग मिठाईच तेवढी परकी कशी असेल? बाईंनी मोडक्या हिंदीत कृती सांगितली. दूध, साखर, लोणी, रंग, उकळा, घोटा, थापा. "बहुत ईझी." झालं! तेव्हापासून "लई सोपं असतंय गं" हे वाक्य काकांच्या तोंडी बसलं ते बसलंच. मी एकाहत्तर साली नगरच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि मावशीकडे राहायला आले, तेव्हा एकदा शहाणपणा करून म्हटलं, "काका, तो शब्द फज आहे." त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मास्तरीणबाई, तुमी पुस्तकात वाचलं. मी मेमसाबच्या तोंडून ऐकलंय."

सोप्या वस्तूला किती पसारा लागतो ते काकांकडे पाहून कळावं. सणाच्या आदल्या दिवशी ते कचेरीतून लवकर येत, बनियनवर मावशीचं जुनं पातळ कमरेला गुंडाळत आणि स्वयंपाकघराचा ताबा घेत. मग स्टोव्हला पिन, पिनीसाठी शोधाशोध, उलथनं, ते नको तर मोठा झारा, वाटीत गार पाणी, त्यात पाकाचा थेंब टाकून गोळी होते का ते बघणं. गोळी होण्यावरून त्यांचं आणि पाकाचं कधी जमलं नाही. कधी गोळी होण्याआधीच घाई करून कढई उतरवत, मग फौज चमच्याने खावी लागे. कधी गोळीची वाट बघता बघता गप्पांत रमत, मग ती अडकित्त्याने फोडावी लागे. पण तुकडे मात्र कसेही असोत, थाळीत ते कवायतीला उभे केल्यासारखे तीनतीनच्या रांगेत लागत. एखादा तुकडा रांगेबाहेर आला की काका त्याला बोटाने आत ढकलत आणि दबक्या आवाजात "सीधा!" म्हणत.

रंगांच्या बाबतीत तर त्यांना कुणी धरबंद घालू शकत नसे. पंधरा ऑगस्टला तिरंगी फौज व्हायची, त्यातला हिरवा पट्टा पालकाच्या रसाचा, त्यामुळे स्वातंत्र्य तळाशी भाजीसारखं लागायचं. संक्रांतीला काळ्याचा मान, म्हणून एकदा गूळ जाळून काळी केली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ती वडी रुमालात बांधून नेली आणि वाटेत कुठे सोडली ते त्यांनाच माहीत. माझ्या शाळेत मेरीबाई म्हणून माझ्या मैत्रीण होत्या. त्यांच्याकडे नाताळाला काकांनी तांबडी-हिरवी थाळी स्वतः पोहोचवली आणि बजावलं, "ही तुमचीच हाय. आमी निसती उसनी घेतलीया." मेरीबाईंच्या घरी करंज्या-चकल्यांचा घाट होता. ही वस्तू आपण पहिल्यांदाच पाहतोय असं त्यांनी मला कानात सांगितलं. एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा तर काकांच्या अंगात वारंच शिरलं. स्टेशनावर जवानांची गाडी थांबणार असं कळताच थाळी घेऊन धावले. एका सरदारजीने मोठ्या प्रेमाने तुकडा तोंडात टाकला. गाडी सुटली, सगळे जवान खिडकीतून जयजयकार करत होते, हा एकटा दोन्ही हातांनी जबडा सोडवत होता. काका घरी येऊन म्हणाले, "गहिवरला बिचारा. तोंडातनं शब्द न्हाई फुटला."

पण थाळी कुठल्याही रंगाची असो, तिचा एक कोपरा गुलाबी असायचा. तिरंग्यातसुद्धा कोपऱ्यात गुलाबी. नाताळाच्या थाळीतही. तो कोपरा कुणाला मिळत नसे. मावशी पाहुण्यांना वाढताना आपोआप दुसऱ्या बाजूने सुरी घाली. दुसऱ्या दिवशी तो मुंग्यांना जाई, पण पुढच्या खेपेला पुन्हा असे. मी आल्या आल्या एकदा विचारलं, "गुलाबी कुणासाठी?" मावशी भांडी आपटू लागली आणि काका स्टोव्हची पिन शोधू लागले. पिन त्यांच्या हातातच होती.

गुलाबी रंग शकूचा. शकू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी मावसबहीण. मी राहायला येण्याच्या थोडं आधी तिने राहुरीच्या एका मास्तराशी रजिस्टर कचेरीत जाऊन लग्न केलं. मुलगा सरळमार्गी होता, पण जातीचा नव्हता. मावशीने त्या दिवशी चूल पेटवली नाही आणि सांगितलं, "आजपासनं तिचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई." काकांनी मान डोलावली. बायकोचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. पण त्यात एक मोठी पंचाईत होती, जी त्या दिवशी दोघांच्याही लक्षात आली नाही. काका मावशीला जन्मभर "शकूचे आई" अशी हाक मारत आले होते, आणि मावशी त्यांना "शकूचे बाबा." लेकीचं नाव बंद झालं आणि नवराबायकोला एकमेकांना हाक मारायला नावच उरलं नाही! काका दारातून आत येताना खोकत. भाजी हवी असली की ताटावर वाटी वाजवत. मावशी भिंतीकडे बघून म्हणे, "पाणी तापलंय." भिंत आंघोळीला जात नसे म्हणून काका जात. ऐकताना मला हसू येई, आणि ते दोघे दोन खोल्यांत वेगवेगळे बसले की तेच हसू विरून जाई.

नावावर बंदी होती, गावावर नव्हती. काकांनी ही फट बरोबर हेरली. रोज संध्याकाळी ते एस.टी. स्टँडवरून घरी येत, आणि राहुरीच्या गाडीच्या कंडक्टरला विचारत, "काय, राहुरीकडं पाऊस हाय का?" पावसाळ्यात विचारत, तसंच भर उन्हाळ्यातही विचारत. तो कंडक्टर मोठा समजूतदार. म्हणायचा, "न्हाई काका, टिपूस न्हाई. पन समदी बरी हायेत." घरी आल्यावर काका मोठ्याने जाहीर करत, "राहुरीकडं टिपूस न्हाई. पन समदं बरं हाय." मावशी भिंतीला सांगे, "जशी काय ह्यांची शेतीच हाय तिकडं." पण काका यायच्या वेळेला ती नेमकी ओसरीवरच काहीतरी निवडत बसलेली असे.

त्या पहिल्या दिवाळीला काकांनी माळ्यावरून एक पितळी डबा काढला. मावशीने शकूच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं भांडी जमवून ठेवली होती, प्रत्येकावर कासाराकडून नाव घालून, "चि. शकूस." त्यातलाच हा. त्यात सगळीच्या सगळी गुलाबी फौज भरली आणि डबा कंडक्टरच्या हवाली केला. मावशी त्या वेळी शेजारी गेली होती. शेजारी ती कधी जात नसे, पण त्या दिवशी गेली होती. मग सुरू झालं वाट बघणं. आपल्याकडे गेलेला डबा रिकामा परत येत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून येतो. डबा आला म्हणजे लेकीने राग सोडला, आत काय आलं त्यावरून तिचा संसार कळेल, असा काकांचा हिशेब. पण डबा आलाच नाही. संक्रांत गेली, पाडवा गेला. कंडक्टर पावसाचं सांगे, डब्याचं सांगत नसे. काका मला म्हणत, "भरायला काय नसंल गं तिच्याकडं. मास्तराचा पगार तो केवढा." पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. नुसते दाराकडे बघत. मी घरात होते, दोघांची लाडकी होते, पण त्या दाराकडे बघणाऱ्या माणसाला मी काही कामाची नव्हते, हे मला समजत होतं आणि फार लागत होतं.

बहात्तरचा पावसाळा आला आणि पाऊस खरोखरच कुठेच पडला नाही. विहिरी आटल्या, बाया-माणसं खडी फोडायला गेली, रेशनला तांबडी मिलो ज्वारी आली. दूध दिसेनासं झालं, साखर तर औषधापुरती. काकांनी त्या वर्षी फौज बंद केली. पंधरा ऑगस्टलाही झाली नाही. "लोकं उपाशी हायेत, आन् आपन रंग घोटत बसायचं?" असं म्हणाले, पण दिवाळीच्या तोंडावर त्यांनी कढई खाली काढली, पुसली, आणि परत खुंटीला अडकवली. तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मावशीची दाढ गणपतीपासून दुखत होती. गोड लागलं की कळ येते म्हणून ती बिनसाखरेचा चहा घेत होती. दिवाळीच्या आदल्या दुपारी तिने ज्वारीच्या कणगीमागून एक पत्र्याचा डबा काढून काकांपुढे ठेवला. आत साखर! दाढबीड काही दुखत नव्हती. शेजारी तिने दूध पावडरीचा पुडा ठेवला, वाटीत तूप ठेवलं आणि माळ्यावरचा दुसरा एक पितळी डबा, चिंचेने लख्ख घासलेला. त्याच्यावरही तेच नाव. आणि भिंतीकडे न बघता, सरळ काकांकडे बघून म्हणाली, "पाक पक्का करा. राहुरीपतूर टिकली पायजे."

काका उठले. कमरेला पातळ गुंडाळायचंही विसरले. स्टोव्ह पेटवला, कढई चढवली, घोटू लागले. गुलाबी रंग छान चढला. मी वाटीत गार पाणी घेऊन उभी होते, पण त्यांनी थेंब काही टाकला नाही. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते आणि ते बाहीला पुसत होते. पाकाकडे बघत होते पण पाक त्यांना दिसत नव्हता. मी "काका, काका" म्हणेपर्यंत वास सुटला. कढई उतरवली तेव्हा आत काळा दगड झाला होता. दोन महिन्यांचे बिनसाखरेचे चहा त्या कढईत जळून गेले. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत. काका पाटावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. "गेली गं. समदी साखर गेली. आता काय धाडू तिला?"

मावशीने कढईत बघितलं. मग घासलेल्या डब्यात बघितलं. मला वाटलं, आता आकाश कोसळतं. ती म्हणाली, "रिकामा डबा काय धाडता येत न्हाई."

"न्हाई," काका म्हणाले.

"मग आता आपल्यालाच जावं लागंल," मावशी म्हणाली, आणि पदराने त्यांचं तोंड पुसून म्हणाली, "उठा, शकूचे बाबा."

सकाळच्या गाडीला मी त्यांना पोहोचवायला गेले. कंडक्टरने काकांना पाहून नेहमीप्रमाणे पावसाचं सांगायला तोंड उघडलं, मग शेजारी मावशीला पाहिलं आणि पुढची जागा पुसून दिली. संध्याकाळी दोघं परत आले ते मात्र तिघं होऊन. शकू जरा वाळली होती. तिच्या पिशवीत पहिल्या वर्षीचा डबा होता. चुलीवरच्या फळीवर तो तिने तेव्हापासून घासून ठेवला होता म्हणे. रिकामा पाठवायचा नाही, आणि भरून पाठवला तर आई तिच्या घरचं खाईल का, या विचारात तो तसाच राहिला. म्हणजे इकडे आई आणि तिकडे लेक, दोघी एका डब्यापायी अडून बसल्या होत्या, आणि मधल्या मध्ये हा गरीब माणूस पावसाची चौकशी करत होता! मी काकांना म्हटलं, "शेवटी गेलात ना?" ते हातपाय धुऊन आले होते, लेक आणि बायको आत बोलत होत्या त्या दिशेला कान लावून बसले होते. हळूच म्हणाले, "लई सोपं होतं गं."

आता काका नाहीत, मावशीही नाही. शकू राहुरीला आहे. दर दिवाळीला गुलाबी वड्या करते आणि मला एक डबा पाठवते. तिच्या वड्या अगदी नेमक्या होतात, कडा सरळ, तोंडात टाकताच विरघळतात. तिची नात शहरातल्या दुकानातली मिठाई आणते आणि मला समजावते, "आजी, ह्याला फज म्हणतात." मी तिला म्हणते, पुस्तकात म्हणत असतील. ती गेल्यावर मी कोपऱ्यातली एक वडी काढून तोंडात ठेवते, आणि दाताला चिकटते का ते बघते. चिकटत नाही. मग डबा धुऊन पुसते, त्यात मूठभर साखर घालते आणि राहुरीला जाणारं कुणी भेटतं का ते विचारू लागते.